मालवणची मुलगी, प्रवाळ आणि अकरावीचं गणित

मालवणहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायो असे चारही विषय घेतलेत. वडिलांची होडी आहे, सीझनमध्ये ते पर्यटकांना किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला नेतात. मुलीने मोबाइलवर किम कॉब या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंचा एक व्हिडिओ पाहिला. पॅसिफिकमधल्या एका बेटाजवळ त्या पाण्याखाली प्रवाळात ड्रिल मारून नमुना काढत होत्या. त्या दिवसापासून मुलगी म्हणते, “मला हेच करायचंय. जुन्या काळातलं हवामान शोधायचंय.” आई लिहितात: “ह्यात नोकरी असते का? मुलीच्या जातीला बोटीवर कसं पाठवायचं? शेवटी परदेशातच जावं लागणार ना? आम्ही फार तर पाच-सहा वर्षं खर्च ओढू शकू. आणि क्लासचे सर म्हणतात, गणित सोडा आणि नीटवर लक्ष द्या, ते आम्ही याच महिन्यात ठरवायचं आहे.” पत्राच्या खाली मुलीनेही दोन ओळी लिहिल्या आहेत. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा एक तुकडा तिने अभ्यासाच्या टेबलावर ठेवला आहे, आणि त्याच्या आत काय लिहिलंय ते तिला वाचायचं आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यालाच मुदत आहे. गणित सोडू नका. नीटला गणित लागत नाही, हे सरांचं म्हणणं खरं आहे, आणि त्यांची कळकळही खरी असणार. पण गणित ठेवल्याने नीटची वाट काही बंद होत नाही. सोडलं, तर मुलीला जी वाट हवी आहे तीच अवघड होऊन बसते. मागे माझ्याकडे एक मुलगा आला होता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता, समुद्राच्या अभ्यासाचं वेड होतं, पण अकरावीतच गणित सोडलेलं. हुशार होता, तरी लॉगॅरिदम आणि घातांकापासून पुन्हा सुरुवात करण्यात त्याची दीड वर्षं गेली. ते दडपण तुमच्या मुलीवर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, पाण्यात बुडी मारून प्रवाळाचा नमुना काढायला गणित कशाला? व्हिडिओत बुडी दिसते, कारण तीच बघायला छान असते. बुडी मारण्याचं काम दोन आठवड्यांचं. उरलेलं वर्षभराचं काम प्रयोगशाळेत चालतं. ते कसं असतं हे जरा सविस्तर सांगते, कारण तुम्हाला निर्णय याच कामाबद्दल घ्यायचा आहे.

प्रवाळ म्हणजे इवल्या जिवांची वसाहत. हे जीव समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम घेतात आणि स्वतःखाली चुन्याचा सांगाडा रचत जातात. पोराइट्स नावाचे मोठे, गोल, धोंड्यासारखे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. वर्षातल्या एका काळात सांगाडा दाट होतो, दुसऱ्या काळात विरळ. डोळ्यांना ते कळत नाही. पण सहा-सात मिलिमीटर जाडीचा काप काढून त्याचा एक्स-रे घेतला, की झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे काळे-पांढरे पट्टे दिसतात. १९७२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनेवेटक बेटांवरच्या प्रवाळात हे पट्टे वर्षावर्षाचेच असल्याचं दाखवलं गेलं. अमेरिकेने तिथे अणुचाचण्या केल्या होत्या आणि त्यांचे किरणोत्सारी अंश प्रवाळाच्या सांगाड्यात अडकून राहिले होते. चाचण्या कधी झाल्या हे माहीत होतंच, त्यामुळे पट्टे मोजून ताळा जुळवता आला.

पट्टे मोजून साल कळतं. तापमान कळायला केमिस्ट्री लागते. दाताच्या डॉक्टरांकडे असतं तसं बारीक ड्रिल घेऊन त्या कापावर वाढीच्या दिशेने जवळजवळ दर मिलिमीटरला मोहरीच्या दाण्याएवढी भुकटी काढायची. एका मिलिमीटरमध्ये साधारण महिन्या-सव्वा महिन्याचा काळ असतो. प्रवाळातून ड्रिलने काढलेल्या लांब नमुन्याला कोअर म्हणतात. एक मीटर लांबीचा कोअर म्हणजे सुमारे शंभर वर्षं आणि हजारभर नमुने. प्रत्येक नमुना मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रात घालून त्यात जड प्रकारचा ऑक्सिजन किती आणि हलक्या प्रकारचा किती हे मोजायचं. पाणी गरम असेल तर सांगाड्यात जड ऑक्सिजन कमी बसतो. रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या विचारावर हे सगळं शास्त्र उभं आहे. फरक किती बारीक, तर तापमान एक अंशाने बदललं की हे प्रमाण हजारात सुमारे ०.२ ने हलतं. शिवाय पाऊस पडून पाणी गोडं झालं तरी हेच प्रमाण हलतं. मग ऊन कुठलं आणि पाऊस कुठला? त्यासाठी त्याच भुकटीतलं स्ट्रॉन्शियम मोजतात. तेही गरम पाण्यात कमी बसतं, पण पावसाने फारसं बदलत नाही. दोन मोजमापं, दोन अज्ञात. दहावीत तिने एकसामयिक समीकरणं सोडवली आहेत ना, त्याच जातीचं हे काम आहे.

आणि मेलेला, हजारो वर्षांपूर्वीचा प्रवाळ असेल तर? त्याचं वय युरेनियमपासून थोरियम किती तयार झालं यावरून काढतात. तयार होणारं ते थोरियमही सुमारे ७५ हजार वर्षांत निम्मं होतं, त्यामुळे हा हिशेब घातांकाशिवाय होतच नाही. तुमच्या मुलीचं अकरावीचं गणित इथे कामाला येतं.

किम कॉब यांचं मोठं काम अशाच जुन्या प्रवाळांवर झालं. पॅसिफिकच्या मधोमध पामायरा नावाचं बेट आहे. वादळांनी तिथे शतकानुशतकं मेलेल्या प्रवाळांचे गोटे किनाऱ्यावर आणून टाकलेत. त्यांनी ते गोळा केले, त्यांची वयं काढली, आणि तुकड्याला तुकडा जोडत गेल्या हजारेक वर्षांतल्या एल निनोचा, म्हणजे पॅसिफिकचं पाणी दर काही वर्षांनी तापतं त्याचा, माग काढला. ते काम २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. पुढे २०१३ मध्ये जवळच्या ख्रिसमस आणि फॅनिंग बेटांवरचे प्रवाळ घेऊन त्या सात हजार वर्षांपर्यंत मागे गेल्या. हजारो वर्षांत एल निनो आपल्या मनाने बराच कमी-जास्त होत आला आहे, आणि विसाव्या शतकात तो सरासरीपेक्षा जोरात आहे, असं त्यातून निघालं.

हे सगळं लांबचं वाटलं, तर २०१५-१६ आठवून बघा. त्या वर्षीच्या एल निनोने ख्रिसमस बेटाभोवतीचं पाणी महिनोन्‌महिने तापत राहिलं. ज्या रीफवर किम कॉब वर्षानुवर्षं बुड्या मारत होत्या, तिथले बहुतेक प्रवाळ २०१६ च्या एप्रिलपर्यंत मेले होते. त्याच एप्रिलमध्ये आपल्याकडे मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. लातूरची टंचाई एकट्या एल निनोने आली असं मी म्हणणार नाही, पाणी कसं वापरलं गेलं त्याचाही त्यात मोठा वाटा होता. पण त्या वर्षी मान्सून देशभर तुटीचा होता आणि पॅसिफिक तापलेला होता, ही गोष्ट एकाच सालातली आहे. मुलगी ज्याच्या मागे लागली आहे ते आपल्या पावसापर्यंत येऊन पोचतं, एवढं तुम्हाला कळावं म्हणून हे लिहिलं.

समुद्रातले जीवाश्म म्हणजे फक्त प्रवाळही नव्हेत. तुमच्या देव्हाऱ्यात शाळिग्राम असेल तर तो हातात घेऊन बघा. त्यावरचं चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जिवाच्या शंखाचा ठसा. हिमालय आज जिथे आहे तिथे एकेकाळी समुद्र होता, म्हणून नेपाळात गंडकीच्या पात्रात हे सापडतात. मला स्वतःला याहून आवडते ती गोष्ट जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांची. त्यांनी सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या अगदी बारीक, रोजच्या वाढीच्या रेघा मोजल्या आणि १९६३ मध्ये सांगितलं, की त्या काळी वर्षात सुमारे ४०० दिवस होते. पृथ्वी जास्त वेगाने फिरत होती, दिवस बावीस तासांचा होता. दगडातल्या रेघा मोजून हे कळतं! ही गोष्ट मुलीला जरूर सांगा.

आपल्या अरबी समुद्रात या कामाचा सर्वांत मोठा आधार आहे तो फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जिवांचा. वाळूच्या कणाएवढं चुन्याचं कवच, मेल्यावर तळाशी जाऊन गाळात साठतं. त्यातली एक जात, ग्लोबिजेरिना बुलॉइडीस, मान्सूनचे वारे जोरात वाहून खालचं थंड पाणी वर आलं की भरभरून वाढते. गाळाच्या ज्या थरात ती जास्त, तेव्हा मान्सूनचे वारे जोरात, असा अंदाज बांधता येतो. आणि हे काम तुमच्या घरापासून सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येईल अशा ठिकाणी चालतं. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आहे, १९६६ पासून. सगळे तिला एनआयओ म्हणतात. वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. २०१५ मध्ये अरबी समुद्राच्या तळात खोल छिद्र घेऊन मान्सूनचा इतिहास शोधायला आंतरराष्ट्रीय मोहीम आली होती, तिच्या दोन प्रमुखांपैकी एक शास्त्रज्ञ याच केंद्राचे होते. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावरच्या प्रवाळाचा अभ्यास अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने १९९० च्या दशकातच केला. लखनौची बिरबल साहनी संस्था, पुण्याची हवामानशास्त्र संस्था म्हणजे आयआयटीएम, मुंबईची आयआयटी, ही सगळी या विषयाचीच घरं आहेत. तेव्हा परदेशात जावंच लागेल असं अजिबात नाही. पीएच.डी.नंतर दोन-तीन वर्षं बाहेर काम केलं तर फायदा होतो, पण त्या वेळी खर्च घरातून जात नाही, पगार मिळतो.

बोटीवर जाण्याबद्दल. तुमची काळजी मी हलक्याने घेत नाही. पण एक नाव सांगते. डॉ. अदिती पंत, जन्म नागपूरचा, काम एनआयओमध्ये. १९८३ साली भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या. भारताच्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. पंत बाईंचा विषय समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा होता, जुन्या हवामानाचा नव्हे, पण बोट तीच आणि समुद्र तोच. त्याला चाळीस वर्षं झाली. आज संशोधन जहाजांवर मुली नेहमी जातात. आणि तुमची मुलगी होडीवरच वाढली आहे. बोट लागण्याचा त्रास पुण्या-मुंबईच्या मुलांना व्हायचा, तिला नाही.

आता वाट. बारावीनंतर मी पहिली पसंती आयसरला, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेला देईन. तिथे पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स असतो, आणि पुण्याच्या आयसरमध्ये पृथ्वी आणि हवामान विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. प्रवेशपरीक्षेत ६० प्रश्न असतात, चारही विषयांचे पंधरा-पंधरा. गणित सोडलेल्या मुलांना ते पंधरा प्रश्न जड जातात. आयसर जमलं नाही तर भूशास्त्रात बी.एस्सी. मडगावचं चौगुले कॉलेज, पणजीचं धेंपे, पुण्याचं फर्ग्युसन, मुंबईचं झेवियर्स, या ठिकाणी तो विषय आहे. पुढे एम.एस्सी.ला गोवा विद्यापीठ किंवा जॅमची परीक्षा देऊन आयआयटी. ही वाट कमी दर्जाची समजू नका. या विषयातली अनेक चांगली माणसं साध्या कॉलेजातून भूशास्त्र घेऊनच वर आली आहेत.

एक गफलत मात्र टाळा. “समुद्र आवडतो ना, मग मरीन बायोलॉजी कर किंवा फिशरीज कर,” असं तुम्हाला जो तो सांगेल. रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय चांगलं आहे, पण तिथे माशांचं शास्त्र शिकवतात. प्रवाळ जिवंत असताना कसा जगतो हा बायोलॉजीचा प्रश्न. प्रवाळात काय नोंदवलं गेलं हा भूशास्त्राचा आणि रसायनशास्त्राचा प्रश्न. तिच्या दोन ओळी वाचून मला तरी वाटतं की तिला दुसरा प्रश्न पडला आहे. पण हे तिलाच विचारा.

पैशाचं स्पष्ट बोलते. बारावीनंतर पाच वर्षांत पदवी होईल, ती तेव्हा तेवीस वर्षांची असेल. नेटची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. म्हणजे तुम्ही सांगितलेल्या पाच-सहा वर्षांनंतर तिचा भार घरावर राहणार नाही. पण कायमची नोकरी? पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधन, मग जागा निघण्याची वाट. तिशी उलटते. शास्त्रज्ञांच्या जागा थोड्या असतात आणि चांगल्या मुलांनाही थांबावं लागतं. हे आज सांगितलं नाही, तर बारा वर्षांनी तुम्ही मला दोष द्याल आणि तो बरोबर असेल. म्हणूनच मी भूशास्त्रावर भर देते आहे. त्या वाटेवर मध्येच उतरता येतं. एम.एस्सी. भूशास्त्र झालं की यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा देता येते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात गट अ चा जिऑलॉजिस्ट ५६,१०० मूळ वेतनावर लागतो. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. तेल शोधणाऱ्या कंपन्यांना खडकाचं वय सांगायला त्याच फोरॅमिनिफेरा ओळखणारी माणसं लागतात. शिकलेलं कुठेच वाया जात नाही.

राहिला खरा प्रश्न, हे काम तिला आवडेल का? तो तुम्ही किंवा मी ठरवू शकत नाही, पण घरबसल्या पाहता येतो. दोन गोष्टी करायला सांगा. बाबांच्या होडीतून रोज एकाच जागी, एकाच वेळी पाण्याचं तापमान घ्यायचं आणि वहीत लिहायचं. साधा थर्मामीटर चालेल. पावसाळ्यात होडी वर काढली की जेटीवरून घ्यायचं. पहिल्या पावसानंतर आकडे कसे बदलतात ते तिचं तिला दिसेल. दुसरी गोष्ट, मालवणच्या सागरी अभयारण्याच्या बाहेरच्या किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू धुऊन, वाळवून, कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली काळ्या कागदावर पसरायची. झिरो नंबरचा ब्रश ओला करून त्यातली फोरॅमिनिफेराची कवचं एकेक उचलून बाजूला ठेवायची. शंभर कवचं. मान अवघडते, डोळे दुखतात, श्वास जोरात सोडला तर सगळं उडून जातं. संशोधनात एकेका नमुन्यातून अशी तीनशे मोजायची असतात आणि नमुने शेकड्यांनी असतात. शंभर झाल्यावर तिने “अजून आहेत का?” असं विचारलं, तर मला कळवा. कंटाळली, तरी काही बिघडलं नाही. नीट आहेच, गणितही आहे.

२६ सप्टेंबरला सीएसआयआरचा, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा स्थापना दिवस असतो, त्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळा विद्यार्थ्यांना बघायला खुल्या ठेवतात. एनआयओ त्यांचीच आहे. आधी फोन करून दिवस विचारा आणि तिघंही जा. बाबांनाही न्या. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरावर किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, हे त्यांना ठाऊक असेल. तिचा माथा सुमारे २० मीटर खोल आहे. वीस हजार वर्षांपूर्वी जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. बार्बाडोसच्या बुडालेल्या प्रवाळांवरून हे मोजलं गेलं आहे. म्हणजे तेव्हा आंग्रिया बँक पाण्याबाहेर होती. मुलगी काय शिकायचं म्हणते हे बाबांना यावरून चटकन समजेल.

आता तो टेबलावरचा तुकडा. ती रागावेल, तरी सांगते. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. किनाऱ्यावर पडलेला, मेलेला तुकडासुद्धा घरी ठेवता येत नाही. शास्त्रज्ञही लेखी परवानगी घेतल्याशिवाय हात लावत नाहीत, आणि जिवंत प्रवाळातून कोअर काढला तर ते भोक बुजवून येतात, म्हणजे वरून नवा थर चढतो. वनखात्याच्या कांदळवन कक्षाशी बोला आणि ते सांगतील तसा तो परत करा. देण्याआधी तिला भिंगातून नीट बघू दे, पट्टी ठेवून फोटो काढू दे, कुठल्या किनाऱ्यावर, कुठल्या तारखेला सापडला ते वहीत लिहू दे. तिच्या वहीचं पहिलं पान तेच होईल.